नदी विनासायास ताब्यात घेऊ इच्छिणाऱ्यांस काही सूचना

आदिवासी मुलखातील नदीवर बॅरेज बांधू किंवा कारखान्यासाठी तिचे पाणी उपसू इच्छिणाऱ्या सर्व मान्यवरांसाठी या सूचना आहेत. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातील अशाच एका कामाच्या जनसुनावणीला मी हजर होतो, त्यामुळे हे शास्त्र मला नुकतेच अवगत झाले आहे.

सर्वप्रथम नकाशा असा काढावा की त्यात नदी असेल. परंतु मासेमारीचे डोह, गुरांचे पाणवठे आणि उन्हाळ्यात रेतीत लावलेल्या डांगराच्या वाड्या नसतील.

आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नाव भाषणात आदराने घ्यावे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करण्याची त्यातील अट 1996 पासून ताटकळते आहे, ती आणखी थोडी थांबेल.

कोनशिला तातडीने बसवावी आणि पुनर्वसन सावकाश करावे. वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाची कोनशिला 1988 सालची आहे.

सुनावणी मात्र जिल्ह्याच्या गावीच ठेवावी. ती प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी असे 2006 ची पर्यावरणविषयक अधिसूचना सांगते, पण गडचिरोलीच्या दक्षिण टोकापासून मुख्यालय कितीसे दूर आहे? जेमतेम दोनशे किलोमीटर! तारीख रोवणीच्या दिवसांतली धरावी, म्हणजे ज्यांचे धान बुडणार आहे ते बांधीतच अडकून राहतील. अहवाल इंग्रजीत असावा; माडिया आणि तेलुगू बोलणाऱ्यांना मराठी सारांशाचे चार कागद पुरेत. फाटकावर पोलिसांकरवी आधार कार्ड तपासावे, पुढच्या खुर्च्यांवर कंत्राटदाराची माणसे बसवावीत, आणि दोन गाड्या बदलून पोहोचलेली म्हातारी बोलायला उठली की तिला ‘आजी, लेखी द्या’ असे सांगावे. आमच्याकडे नेमके हेच झाले. तिला लिहिता येत नव्हते. तिचे म्हणणे मी लिहून दिले, तर पोच देणारा बाबू जेवायला गेलेला, आणि तो परतण्यापूर्वीच सभागृह रिकामे करण्याचे फर्मान निघाले. इतिवृत्तात ‘उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले’ असे वाक्य आहे. कोणी केले स्वागत? त्या खुर्च्यांनी?

फुगवट्याचे पाणी कागदावरील रेषेपाशी थांबते, असे ठासून सांगावे. गोदावरीवरील मेडिगड्डा बॅरेजसाठी 2016 मध्ये महाराष्ट्राने तेलंगणाशी करार केला, 2019 मध्ये बॅरेजचे उद्घाटन झाले, त्यानंतर सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांना बुडालेल्या शेतांच्या मोबदल्यासाठी आंदोलन करावे लागले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तर बॅरेजचे खांबच खचले.

आता पुरे. पाण्यातील मासे आणि इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे. ती तुम्ही घातलेली भीक नव्हे. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगल सांभाळून दाखवले, तेव्हा ग्रामसभेला काही कळत नाही हा बहाणा बंद करा. कायदा तुम्हाला वाचता येतो, पगारही त्याचाच घेता, मग तो पाळायला लाज कसली वाटते? ती सुनावणी रद्द करा, रोवणी आटोपल्यावर नदीकाठी नव्याने घ्या, अहवाल लोकांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि त्या आजींचा अर्ज नोंदवून त्याची पोच त्यांच्या गावी पोहोचती करा.