300 एमबीपीएस आणि न्यू जर्सीचा कॉल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंटरनेटच्या वेगावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला आक्षेप थोडक्यात असा : 50 एमबीपीएसचा (सेकंदाला 50 मेगाबिटचा) प्लॅन सोडून आपण 300 एमबीपीएसचा घेतला, तरी न्यू जर्सीतल्या मुलीशी बोलताना दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतातच. मुंबई ते न्यूयॉर्क हे सुमारे 12,500 किलोमीटरचे अंतर प्रकाश 42 मिलिसेकंदांत कापतो, मग अंतराची सबब सांगून मी कंपन्यांना पाठीशी का घालतो, असे आपण विचारले आहे. बँडविड्थ आणि लेटन्सी हा भेदही आपल्याला शब्दांचा कीस वाटतो.

आधी माझी चूक मान्य करतो. 'माहिती प्रकाशाच्या वेगाने धावते' असे वाक्य मी लेखात लिहिले होते आणि आपला हिशेब त्याच वाक्यावर उभा आहे. सेकंदाला 3 लाख किलोमीटर हा प्रकाशाचा निर्वात पोकळीतला वेग झाला. ऑप्टिकल फायबरच्या काचेत तो सुमारे 2 लाख किलोमीटरवर येतो, म्हणजे दर हजार किलोमीटरला 5 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे 42 चे 62 होतात. शिवाय आपल्या बोलण्याला उत्तर मिळायचे तर जाणे आणि येणे दोन्ही मोजायला हवे, म्हणजे 125 मिलिसेकंद. हा हिशेबही नकाशावर सरळ रेषा ओढून केलेला आहे. प्रत्यक्षात केबल मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरते, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र आणि युरोप असा वळसा घेते आणि मग अटलांटिक ओलांडते. म्हणून या मार्गावरची फेरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास जाते. लेखातले ते वाक्य मी आता दुरुस्त केले आहे.

भेदाच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे, कारण आपल्या तक्रारीचे उत्तर नेमके तिथेच आहे. समजा, 1 टेराबाइटच्या दहा हार्ड डिस्क एका पिशवीत घालून आपण पुण्याहून नागपूरला एसटीने पाठवल्या आणि प्रवासाला 14 तास लागले. भागाकार केला तर ही पिशवी सेकंदाला सुमारे 1,600 मेगाबिट माहिती वाहून नेते, म्हणजे आपल्या नव्या प्लॅनच्या पाचपट. तरीही त्या पिशवीतून 'कशी आहेस?' एवढाच प्रश्न पाठवला, तर उत्तर यायला 28 तास लागतील. एका सेकंदात किती माहिती मावते हा बँडविड्थचा प्रश्न आहे, आणि एक चिठ्ठी पोहोचायला किती वेळ लागतो हा लेटन्सीचा. जाहिरातीत दोन्हींना 'स्पीड' म्हटले जाते, आपणही बोलताना तसेच म्हणतो, आणि घोटाळा तिथे होतो.

आपण पैसे मोजून नेमके काय वाढवले ते पाहू. नेटवर्कवर माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते; असा एक मोठा तुकडा, म्हणजे पॅकेट, साधारण 1,500 बाइटचे, म्हणजे 12,000 बिटचे असते. ते तारेवर चढवायला 50 एमबीपीएसवर 0.24 मिलिसेकंद लागतात आणि 300 एमबीपीएसवर 0.04. वाचले 0.2 मिलिसेकंद, तेही 200 मिलिसेकंदांच्या फेरीत. व्हिडिओ कॉलला दोनतीन एमबीपीएस सहसा पुरतात, त्यामुळे उरलेली क्षमता त्या वेळी रिकामीच पडून राहते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे 150 मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण सुरळीत वाटते. आपल्या कॉलमध्ये निम्म्या फेरीचे 100 तर अंतरानेच खाल्लेले असतात. त्यात चित्र-आवाजाचे एन्कोडिंग, म्हणजे पाठवण्याजोगे रूपांतर, आणि पॅकेट थोडी साठवून ओळीने वाजवणारा बफर यांचा वेळ मिळवला, की मर्यादा ओलांडायला फारसे काही उरत नाही.

वेब पानाचेही तसेच. दूरच्या सर्व्हरशी टीसीपी जोडणी (माहिती नीट पोहोचवण्याचे नियम ठरवणारी) करायला एक फेरी, माहिती गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस 1.3 चे कुलूप बसवायला दुसरी, आणि पान मागायला तिसरी. 200 मिलिसेकंदांच्या तीन फेऱ्या म्हणजे पहिले अक्षर येण्याआधीच 600 मिलिसेकंद, प्लॅन कोणताही असो.

आता आपल्या रागातला जो भाग खरा आहे, त्याकडे वळतो. विलंब केवळ अंतरामुळे होत नाही. राउटरवर, म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, त्यांची रांग लागते तेव्हाही तो होतो, आणि ही रांग माणसांच्या हातात असते. 1986 साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कलीतला परिसर यांच्यात जेमतेम 400 यार्डांचे अंतर होते, तरी गर्दीमुळे त्यांच्यातली माहितीची देवाणघेवाण सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर कोसळली. नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याची कारणे शोधली आणि 1988 मध्ये मांडलेल्या उपायांनी टीसीपीला गर्दी ओळखून हात आखडता घ्यायला शिकवले. आपल्याकडेही एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला डेटा परदेशातून फिरून येत असे. तो देशातच वळवण्यासाठी 2003 मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली. कंपनीने पुरेशी क्षमता घेतली नाही किंवा मार्ग नीट जोडला नाही, तर ग्राहकाचा वेळ वाया जातो आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. माझ्या लेखात ही बाजू दोन ओळींत उरकली होती; आपला रोष त्या उणिवेवर असेल, तर तो योग्य आहे.

म्हणून एक विनंती. शक्य असल्यास संगणक केबलने राउटरला जोडा, म्हणजे वायफायची अडचण बाजूला पडेल. मग 'पिंग' ही उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा आधी घरच्या राउटरला आणि नंतर देशातल्या एखाद्या सर्व्हरला द्या. पहाटे एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. राउटरचा आकडा दोन्ही वेळी एकदोन मिलिसेकंदांत राहिला, पण बाहेरचा रात्री दुप्पट-तिप्पट झाला आणि त्या वेळी घरात दुसरे कोणी मोठे डाउनलोड करत नसेल, तर रांग बहुधा कंपनीच्या बाजूला आहे. दोन्ही आकडे सारखेच राहिले, तर बहुधा उरतो तो समुद्राखालचा रस्ता. तीनचार दिवसांची ही नोंद इथेच लिहिलीत, तर कंपनीकडे करायच्या तक्रारीचा मसुदा आपण दोघे मिळून तयार करू.