शिंका आणि बी विंग

मला शिंका येतात. एकदा सुरू झाल्या की रांगेने येतात आणि सकाळी उठल्या उठल्या येतात. धुळीची ॲलर्जी, दहावीपासूनची. पंखा पुसला, चादर झटकली, बाजरीचं पीठ चाळलं, पुस्तकांच्या कपाटाचं दार नुसतं उघडलं तरी चालू. घरच्यांना इतकी सवय की आई आतून विचारायची, "झाल्या का रे? चहा टाकू?" बिल्डिंगमध्येही कुणाला काही वाटायचं नाही. खालच्या मजल्यावरचा मुलगा तर बारावीला असताना माझ्या शिंकांवर उठायचा, गजर लावायचाच नाही. (डिस्टिंक्शन मिळालं त्याला. पेढे द्यायला आली तेव्हा त्याची आई म्हणाली, यात तुमचाही वाटा आहे हो.)

आणि मग माशी शिंकली. 9 मार्च 2020 ला राज्यातले कोरोनाचे पहिले पेशंट सापडले ते नेमके आमच्या पुण्यात, दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलात ॲडमिट. आता घाबरायचं सोडून आमच्या चेअरमनसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचं समाधान. वर म्हणाले, राष्ट्रीय विषाणू संस्था पण आपलीच, स्वॅब तपासायला बाहेर कुठे पाठवायला नको. हे ऐकताना मला शिंक आली. चेअरमनसाहेब इतक्या चपळाईने दोन पायऱ्या वर चढले की त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे मला खोटंच वाटायला लागलं.

त्या दिवसापासून माझं सामाजिक स्थान बदललं. कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज आणि मग सूचना, टीव्ही लावला की शिंकताना कोपर कसं धरावं याचं प्रात्यक्षिक, म्हणजे अख्खा देश माझ्याच विरोधात ट्रेनिंग घेतोय असं वाटायचं. बायकोने फर्मान काढलं की शिंकायचं ते बाथरूममध्ये, दार लावून, नळ सोडून. आता शिंक काय सांगून येते? धावत बाथरूम गाठेपर्यंत दोन पॅसेजमध्ये आणि एक फ्रीजपाशी होऊन जायची. मग उशी तोंडावर धरून बघितली, पण उशीत धूळ, त्यामुळे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. 8 एप्रिलपासून मास्कची सक्ती झाली आणि मास्क लावून शिंकलो की पुढे काय होतं ते चहाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी मी लिहीत नाही.

एक फायदा मात्र झाला. वाण्याच्या दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते, एकेका गोलात एकेक माणूस पिशवी घेऊन उभा, रांग पार कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत. मी मास्कच्या आत, कोपरात, अगदी नियमाने एक शिंक दिली आणि समोरचे सगळे गोल रिकामे. वाणी आतून ओरडला, "काका, तिथूनच सांगा काय पाहिजे!" रवा तेव्हा कुठे मिळत नव्हता, लोकांनी पोती भरून ठेवला होता, मला दोन किलो मिळाला. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, यापुढे सामान आणायला तुम्हीच जात जा.

पण सोसायटीचा ग्रुप म्हणजे वेगळंच प्रकरण. "सकाळी सव्वासातच्या सुमारास बी विंगमधून सतत शिंकांचा आवाज येतो. कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण संबंधितांनी काळजी घ्यावी." त्याखाली अठरा अंगठे. मग संबंधितांच्या दाराबाहेर काढे येऊन पडायला लागले. तुळशीचा, गवती चहाचा, गुळवेलीचा, एक तर असा होता की त्यात काय आहे हे करणाऱ्या काकूंनाही सांगता येईना. सगळे बेल वाजवून पळून जायचे. मी सगळे प्यायलो, न पिऊन सांगतो कुणाला. शिंका तितक्याच, वर ॲसिडिटी.

अशात एक दिवस दुपारी बेल वाजली आणि दार उघडलं तर बाहेरचं माणूस चक्क पळालं नाही. आशाताई होत्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा सेविका, घरोघरचा सर्व्हे करायला आलेल्या. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, चौथा मजला, बाहेर उन्हाचा नुसता जाळ, आणि बाईंच्या खांद्याला पिशवी, बगलेत रजिस्टर, कपाळावर घामाने चिकटलेली बट. "घरात किती माणसं? साठच्या वरचं कोण? शुगर, बीपी? कुणाला ताप, खोकला, सर्दी?" सर्दी म्हणाल्या आणि मला आलीच. एक, दोन, तीन. मी कोपरात तोंड खुपसून उभा, आई सोफ्यावर टेन्शनमध्ये, आणि आता या काय करतात म्हणून मी कोपराच्या वरून बघतोय तर बाई पेनाचं टोपण उघडून शांत उभ्या. हातभरसुद्धा मागे सरकल्या नाहीत. म्हणाल्या,

"झाल्या? का अजून आहेत?"

"अजून दोन असतील."

"होऊ द्या."

झाल्या. मग विचारलं, कधीपासून आहे, धुळीने होतं का, वास येतो का, चव लागते का, आणि रजिस्टरमध्ये काहीतरी बारीक अक्षरात लिहून म्हणाल्या, "काका, ॲलर्जी दिसतेय, पण ताप आला तर लगेच कळवा, लपवू नका. लोक लपवतात हो." महिनाभर अख्खी बिल्डिंग मला लांबून ओवाळत होती आणि या बाईने माझ्या शिंकेला पहिल्यांदा नीट प्रश्न विचारले. आईने पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. आईने परत आग्रह केला, ऊन फार आहे, सरबत तरी घ्या. तेव्हा जरा हसून म्हणाल्या, "पाणी पिलं की मग पंचाईत होते ना आई. दिवसभर फिरायचं, आणि आता कोण घरात घेतंय बाथरूमला?" आई म्हणाली आमच्याकडे जा की. गेल्या. येऊन दोन ग्लास सरबत प्यायल्या. जाताना बायकोला सांगून गेल्या की ऑक्सिमीटर लावाल तेव्हा नेलपॉलिश काढून लावा, नाहीतर आकडा चुकतो आणि उगाच धावपळ होते. बायकोने ताबडतोब ग्रुपवर टाकलं आणि त्या रात्री बी विंगमधल्या किमान चार घरांतला ऑक्सिजन वाढला.

जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवसांचं लॉकडाऊन लागलं, 14 ते 23, आणि त्यातच मला एका रात्री कणकण वाटली. आता ताप आणि शिंका म्हणजे संपलंच. डॉक्टर म्हणाले टेस्ट करून घ्या. महापालिकेच्या एका शाळेत सेंटर होतं, लहान मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलो, भिंतीवर बाराखडी. समोर पीपीई किटमधला मुलगा. चेहरा दिसतच नव्हता, छातीवर मार्करने आडनाव लिहिलेलं आणि खाली एक स्मायली, तो कुणी काढला देव जाणे. मी आधीच प्रामाणिकपणे सांगितलं, मला शिंक येणार. तो म्हणाला, "येऊ द्या काका, सगळ्यांनाच येते. फक्त काडी आत असताना नको."

ती काडी. मला वाटायचं नाक म्हणजे जे बाहेर दिसतं तेवढंच. तो आत आत जातच राहिला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, लहानपणी कुणाकुणाचे पैसे ढापले ते आठवलं, आणि तो मुलगा वर कुशीत घेतल्यासारख्या आवाजात "झालं, झालं, झालंच हं" करतोय. काडी बाहेर आली, नळीत गेली, बूच लागलं आणि मी दिली ती आयुष्यातली सगळ्यात मोठी शिंक, सरळ त्याच्या फेस शील्डवर. सेंटरमध्ये सन्नाटा. त्याने शील्ड पुसली, हातावर सॅनिटायझर घेतलं, माझी नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि म्हणाला, "पुढचे या." माझ्या सख्ख्या साडूने त्या काळात माझ्याशी व्हिडिओ कॉलवरसुद्धा मास्क लावून बोलणं केलं होतं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी तो ग्रुपवर टाकला. चेअरमनसाहेबांचं उत्तर : "अभिनंदन. पहिल्यांदा कधीकधी चुकून निगेटिव्ह येतो."

आता या चेअरमनसाहेबांबद्दल सांगायलाच पाहिजे. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर-नर्सेससाठी थाळ्या वाजवायच्या होत्या, तेव्हा बिल्डिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता, घरची पितळी परात आणि लाटणं, परातीला पोचा पडेपर्यंत वाजवली. नायडूमधल्या एका सिस्टरना पंतप्रधानांचा फोन आला आणि ते मराठीत बोलले, ती क्लिप त्यांनी आम्हाला इतक्या वेळा पाठवली की माझ्या फोनची मेमरी संपली. आणि तिसऱ्या मजल्यावर एक सिस्टर भाड्याने राहतात, त्यांची कोविड वॉर्डात ड्यूटी लागली, तेव्हा यांनीच झूमवर मीटिंग बोलावली. विषय : जिन्याच्या रेलिंगला हात लावण्याबाबत. कुणी म्हणालं त्यांनी काही दिवस दुसरीकडे सोय बघावी. कुणी म्हणालं रात्री उशिरा यावं. सरकारने 22 एप्रिलला वटहुकूम काढून 1897 च्या साथरोग कायद्यात बदल केला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, हे मी वाचून दाखवलं तर म्हणाले आपण कुठे हल्ला करतोय, आपण विनंती करतोय. मग आमची ही कॅमेऱ्यासमोर आली आणि म्हणाली, त्याच 1897 मध्ये याच पुण्यात सावित्रीबाईंनी प्लेग झालेल्या पोराला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं, त्यात त्या स्वतः गेल्या, आणि आपण रेलिंगवर चर्चा करतोय.

चेअरमनसाहेब म्हणाले, "वहिनी, तुमचा आवाज तुटतोय."

सिस्टर कुठेही गेल्या नाहीत. रेलिंगला हात न लावता, दोन्ही हात छातीशी धरून जिना चढायच्या, रात्रपाळी करून आलेली बाई, बघवायचं नाही. एकदा सकाळी त्या वर येत होत्या आणि मी बाल्कनीत माझा रोजचा कार्यक्रम उरकत होतो. खालूनच म्हणाल्या, "काका, शिंका मनसोक्त! मला तर हेवा वाटतो." किट एकदा चढवला की सहा सहा तास काढता येत नाही, पाणी नाही, बाथरूम नाही, नाकाला खाज आली तर नुसतं नाक हलवत बसायचं, आणि शिंक आली तर ती मास्कमध्ये, ड्यूटी संपेपर्यंत आपली आपल्यापाशी. हे सगळं त्या हसत हसत सांगत होत्या आणि गालांवर मास्कचे वळ. बायकोने त्यांना डबा सुरू केला. हळूहळू आणखी दोन घरांनी केला. रेलिंगचा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर आलाच नाही, आणि तो मागे घेतला असंही कुणी म्हणालं नाही.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा आशाताई परत आल्या. मला बघून आधी टोपण उघडून उभ्या राहिल्या, म्हणाल्या घ्या उरकून. लशी सुरू झाल्यावर केंद्रावर रांग लावायलाही त्याच. तिथे चेअरमनसाहेबांचा मास्क हनुवटीवर होता, त्यांना म्हणाल्या, "आजोबा, नाक झाका." आजोबा! साहेबांनी झाकलं, पण इंजेक्शनपेक्षा तेच जास्त दुखलं असावं.

आणि 15 जून 2021 ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या. ग्रुपवर चेअरमनसाहेबांनी लगेच लिहिलं की ही तर सेवा आहे, सेवेचा मोबदला मागू नये. मी एरवी ग्रुपवर फक्त वाढदिवसाला उगवतो, पण त्या दिवशी लिहिलं की कोविडच्या कामाचे केंद्राकडून यांना महिन्याला हजार रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला तेहतीस, आणि तेहतिसात आपल्या कोपऱ्यावर दोन चहा येतात आणि क्रीमरोल येत नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आठवड्याने संप मिटला, जुलैपासून हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता असं ठरलं. तेही मी टाकलं.

साहेबांचा मेसेज आला, "दीड हजार? बरंच वाढवलं की." आणि लगेच त्याखाली दुसरा : "सर्व सभासदांना कळविण्यात येते की वाढत्या महागाईमुळे मेंटेनन्समध्ये दरमहा दोनशे रुपये वाढ करणे अपरिहार्य झाले आहे."