गिलरेचं चित्र आणि भुतांची ‘हार’

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं ‘टेल्स ऑफ वंडर!’ हे व्यंगचित्र नेटवर सारखं फिरत असतं. गोल टेबल, एक मेणबत्ती, चार बायका. एक वाचतेय, बाकीच्यांची बोबडी वळायची बाकी आहे. सोबतचा मजकूरही ठरलेला: अठराव्या शतकात व्यंगचित्रकारांनी गॉथिक बॅलडची, म्हणजे भुताखेतांच्या कथाकवितांची, इतकी टर उडवली की त्या लिहिणाऱ्या बिचाऱ्या मॅथ्यू लुईसची फजिती झाली आणि ती लाटच ओसरली.

शतकाचं आधी उरकून घेऊ. चित्रावर तारीख १ फेब्रुवारी १८०२ अशी आहे. घोळ किरकोळ, पुढे जाऊ.

‘बिचारा लुईस’ मात्र पचत नाही. त्याच्या ‘द मंक’ (१७९६) या कादंबरीत ‘अलोन्झो द ब्रेव्ह अँड फेअर इमोजीन’ हे बॅलड आहे. सरदार अलोन्झोला दिलेली शपथ मोडून इमोजीन एका बॅरनशी लग्न करते. मेजवानीत मेलेला अलोन्झो शिरस्त्राण उचलतो, तर आत कवटी आणि वळवळणारे किडे! याचं ‘जाइल्स जॉलप’ हे विडंबन खुद्द लुईसनेच लिहिलं. सरदाराचा झाला पाच फुटी औषधवाला, बॅरनचा झाला बिअर बनवणारा आणि इमोजीनच्या जागी आली चार फुटी शिवणकामवाली. वर कबुलीही दिली, की सरदार-बॅरनच्या या अदलाबदलीची कल्पना वर्तमानपत्रातल्या एका विडंबनातून उचलली आहे. स्वतःवरची थट्टा उचलून आपल्याच पुस्तकात छापणाऱ्याची कोण काय फजिती करणार?

१८०१ चं ‘टेल्स ऑफ टेरर’ही लुईसच्या नावावर खपवतात. ते त्याचं नाही. त्याच्या ‘टेल्स ऑफ वंडर’ची (चित्राचं नाव ज्यावरून आलं तो बॅलडसंग्रह) थट्टा करणाऱ्या कुणाचं तरी आहे. लोकांचा खरा राग होता तो किमतीवर. जुन्याच कविता भरून दोन खंड केले आणि एक गिनी (जुनं ब्रिटिश सोन्याचं नाणं) घेतली, म्हणून ‘टेल्स ऑफ वंडर’ला ‘टेल्स ऑफ प्लंडर’, म्हणजे लुटीच्या गोष्टी, असं नाव पडलं.

आणि गिलरे हसतोय कुणाला? चित्रात भूत औषधालाही नाही. आहेत त्या दिवाणखान्यात बसून हौसेने घाबरणाऱ्या बायका. (बायकाच का, हा प्रश्न गिलरेला विचारायला हवा होता.)

राहिली ओसरलेली लाट. ती ओसरली कुठे? लुईसच्या ‘टेल्स ऑफ वंडर’मध्ये स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटचं ‘ग्लेनफिन्लास’ हे बॅलड आहे. स्कॉटने जमवलेल्या, स्कॉटलंड-इंग्लंड सीमाभागातल्या बॅलडचे पहिले दोन खंड निघाले १८०२ मध्ये, म्हणजे गिलरेच्या चित्राच्याच वर्षी.