नाव ठेवण्यापूर्वी

सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या, पाटील आडनावाच्या आणि नुकताच घरी पाळणा हललेल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, जगावेगळे नाव शोधत बसलेल्या आत्याच्या हातातून मोबाइल तेवढा काढून घ्यावा. ज्याचा अर्थ ठेवणाऱ्या आत्यालाही धड सांगता येत नाही, असे नाव मुलाला जन्मभर एकटे पाडते. त्याने सोसायटीचे कर्ज थकवले तर ते त्याचेच थकते आणि कोठे तक्रार झाली तर ती त्याच्याच दारी येते. त्यापेक्षा मुलाचे नाव सुनील ठेवावे. गावात आणखी एक सुनील पाटील असेल तर चांगले, आणि तीन असतील तर पोराने नशीब काढले असे समजावे, कारण वसुली अधिकारी दारात आला की चौघांपैकी प्रत्येकाला खऱ्या मनाने सांगता येते की, तो सुनील पुढच्या आळीत राहतो.

आडनाव तर आपल्याला आयतेच मिळालेले आहे. पाटील हे मुळात गावच्या कारभाराचे पद. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपले, पण आडनाव काढून घेण्याचे कोणाला सुचले नाही. गाव ज्या समाजाचे, त्या समाजाचा पाटील, या न्यायाने मराठा, जैन, लिंगायत आणि मुसलमान असे सगळेच पाटील आज एका रांगेत उभे आहेत. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, पद्माळ्याचे वसंतदादा, अंजनीचे आर. आर. आबा आणि रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव यांचे एकमेकांशी काहीही नाते नसले, तरी पुण्यात कोणी ‘तुम्ही त्यांच्यातले का?’ असे विचारल्यास नाही म्हणण्याचा उद्धटपणा आपण करू नये. ‘लांबचे’ एवढेच म्हणावे. ते खोटेही नसते आणि काम मात्र होते.

एक नाव म्हणजे एक धंदा, असा भ्रमही बाळगू नये. 2022 मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र केसरीची गदा उचलणारे मल्ल पृथ्वीराज पाटील आणि सांगलीतून 2024 ची विधानसभा काँग्रेसकडून लढवलेले नेतेही पृथ्वीराज पाटीलच. विधिमंडळात अनेक वर्षे दोन जयंत पाटील होते, एक इस्लामपूरचे आणि एक अलिबागचे, आणि दोघेही बोलण्यात सारखेच पटाईत. सामान्य माणसाला मात्र आपल्या ओळखीच्या सुनीलांचे व्यवसाय फक्त मोबाइलमध्ये सापडतात. माझ्याकडे ‘सुनील वायरमन’, ‘सुनील डेअरी’, ‘सुनील फौजी’ आणि ‘सुनील उधारी’ असे चौघे आहेत. त्यांच्यापैकी शेवटचा कोणाच्याच फोनला उत्तर देत नाही, पण तो प्रत्येक वेळी ‘अहो, तो मला वायरमनचा फोन वाटला’ असे सांगतो आणि त्यावर कोणाला काही बोलता येत नाही.

आमच्या पूर्वजांनी गावांच्या बाबतीत उगाच घाई केली. कवठे तीन झाली म्हणून कवठेमहांकाळ, कवठे एकंद आणि कवठे पिरान असा भेद करून टाकला. साताऱ्याकडे वाठार स्टेशन, वाठार किरोली आणि वाठार निंबाळकर केले. आणि जेथे काहीच सुचले नाही तेथे मोठ्याला बुद्रुक व धाकट्याला खुर्द म्हणून रेठऱ्यासारखा प्रश्न मिटवला. माणसांना ही सोय न देण्यात त्यांची दूरदृष्टी दिसते. सुनील पाटील बुद्रुक आणि सुनील पाटील खुर्द अशी नोंद झाली असती, तर नोटीस चुकणार कशी?

सातारकरांनी आम्हाला हसू नये. त्यांच्या शाहू महाराजांचे जन्मनाव शिवाजी होते आणि त्यांच्याशी गादीसाठी भांडणाऱ्या शाखेतला त्यांचा चुलतभाऊही शिवाजीच होता. पुढे कोल्हापूरला राजर्षी शाहू झाले, त्यामुळे जयंतीच्या वक्त्यांची मोठीच सोय झाली आहे. सातारचे शाहू 1749 मध्ये वारले आणि कोल्हापूरचा आरक्षणाचा जाहीरनामा 1902 मध्ये निघाला, एवढ्या किरकोळ अंतरासाठी रंगात आलेले भाषण थांबवणाऱ्याला कार्यकर्ते खाली बसवतात, आणि ते योग्यच आहे.

मुलगा शिकला नाही, नोकरीला लागला नाही, तरी नाव त्याला उपाशी ठेवणार नाही, कारण निवडणुका येतच असतात. 2014 मध्ये रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले आणि त्याच नावाच्या एका अपक्षाने 9,849 मते घेतली. ज्याने सभा घेतली नाही, त्याला एवढी मते केवळ बारशाच्या पुण्याईने मिळाली. आपल्याकडेही 2024 च्या विधानसभेला तासगाव-कवठेमहांकाळमध्ये मतपत्रिकेवर एकाहून अधिक रोहित पाटील होते. या उमलत्या व्यवसायावर निवडणूक आयोगाची नजर पडली आणि 2015 पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो येऊ लागला, हे खरे. परंतु निराश होऊ नये. साताऱ्याच्या लोकसभेला 2024 मध्ये तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती तुतारी अशी दोन चिन्हे आली, आणि नाव अजिबात न जुळणाऱ्या अपक्षाने 37,062 मते घेतली. तुतारी वाजवणाऱ्या माणसाचे उमेदवार शशिकांत शिंदे हरले ते 32,771 मतांनी. म्हणजे फोटो कितीही रंगीत छापला तरी गोंधळाला जागा उरतेच.

सरकारने अलीकडे एक वाईट पायंडा पाडला आहे, तो सांगणे भाग आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव अशी नोंद सक्तीची झाली. यावर उपाय आधीच करावा लागतो. सून पाहायला जाताना पत्रिका, शिक्षण आणि पोहे यांकडे कमी लक्ष देऊन तिचे नाव सुनीता किंवा मंगल आहे याची खात्री करून घ्यावी. वडिलांच्या नावाची चिंता नाही. आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला देण्याची चाल असल्यामुळे तानाजी बापू आणि बापू तानाजी हे आलटून पालटून सातबाऱ्यावर येत राहतात, आणि वारसनोंदीचा फेरफार करताना कोणता बापू मेला आणि कोणता दारात उभा आहे हे तलाठी दोनदा विचारतो.

कचेरीत गेल्यावर आणखी एक शोध लागेल. एकाच माणसाची दोन नावे पडली असतील, तर ‘सदर दोन्ही व्यक्ती एकच आहेत’ असे प्रतिज्ञापत्र चुटकीसरशी होते. दोन माणसांचे नाव एक असेल, तर ‘सदर एक व्यक्ती दोन आहेत’ असा नमुना बाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे नसतो. मी मागितला तेव्हा त्याने चष्म्यावरून पाहिले आणि तुम्ही त्यातले नेमके कोणते, असे विचारले.

मीही या थोर परंपरेतलाच आहे. गेल्या पावसाळ्यात सकाळी सात वाजता गावच्या ग्रुपवर माझ्या नावाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली गेली आणि साडेसातला मंडळी जमू लागली. फोटो कोणीच टाकला नव्हता, त्यामुळे सर्वांचा हेतू शुद्ध होता. मी दार उघडले तेव्हा बायकांचा सूर मध्येच तुटला. माझे दूरचे एक चुलते, ज्यांनी पहिल्या एसटीने येण्यासाठी धार काढायचे टाकले होते, ते चप्पल न काढता उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, ‘मग कोण गेला म्हणायचं?’ मी वायरमनचे नाव सांगितले, म्हणजे माझेच सांगितले, आणि त्यांना पुढच्या आळीचा रस्ता दाखवला. घरात चहाची पावडर नेहमी जादा ठेवावी. एकवीस कप लागले होते.