गूगलवर 'फक्त दोन-तीन इंग्रजी शब्द टाका' सांगणारा मेसेज चुकीचा आहे

आपल्या नागपूरच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या "गूगल सर्चची खरी पद्धत" असा मेसेज फिरून राहिला आहे. त्यात म्हटलंय की दोन-तीन शब्दच टाका, वाक्य लिहू नका, मराठीत शोधू नका, महत्त्वाच्या शब्दाआधी प्लस लावा, सगळ्यात वर येईल तेच उत्तर, आणि पहिल्या वेळी नाही सापडलं तर ते नेटवर नाहीच. लोक चांगल्या मनाने पाठवतात, पण यातलं जवळपास सगळंच चूक आहे आणि एक ओळ तर पैसे बुडवणारी आहे.

प्लसचं आधी संपवतो. गूगलने तो 2011 मधेच काढला. शब्द जसाच्या तसा पाहिजे तर अवतरण चिन्हात टाका, नको असलेल्या शब्दाला मायनस चिकटवा, मधे स्पेस नको. झालं.

वाक्य लिहू नका हा सल्ला जुन्या काळात ठीक होता. 2019 मधे गूगलने बर्ट नावाचं, अख्ख्या वाक्याचा अर्थ लावणारं तंत्र आणलं, त्याच्याच घोषणेतलं उदाहरण आहे की ब्राझीलच्या माणसाला अमेरिकेत जायला व्हिसा लागतो का असं विचारलं तर आधी उलटं, अमेरिकनांनी ब्राझीलला जायची माहिती यायची, कारण इंग्रजीतल्या "टू" म्हणजे "ला" या बारक्या शब्दाकडे लक्षच नव्हतं. म्हणजे "नागपूरहून मुंबई" आणि "मुंबईहून नागपूर" यातला फरक ज्या शब्दांत आहे ते कापू नका ना.

आता मराठीत शोधू नका म्हणतात त्याबद्दल, आणि याचा मला खरंच राग येतो. बर्ट 2019 च्या डिसेंबरातच सत्तरच्या वर भाषांत आलं, त्यात मराठी आहे. शिवाय आपले शासन निर्णय मराठीत, सातबारा मराठीत. वडील गेल्यावर शेतीवर नाव चढवायचं आहे आणि तुम्ही इंग्रजीत "लँड नेम चेंज" टाकून राहिले तर कुठल्या कुठल्या राज्याची पानं येतील. "सातबारा वारस नोंद फेरफार" टाका, तलाठ्याच्या तोंडचे शब्द आहेत ते, आणि तेच कागदावर छापलेले असतात.

पहिल्या वेळी नाही सापडलं तर नाहीच, हे तर एकदम उलटं आहे. काटोल-नरखेडकडच्या कोणाच्या बागेत संत्रा गळून राहिला आहे असं समजा. इंग्रजीत "ऑरेंज फ्रूट ड्रॉप" टाकलं की फ्लोरिडाची पानं पुढे येतात, कारण तिकडचं ऑरेंज म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचं फळ, आपला संत्रा शास्त्रात मँडरिन. मग "संत्रा फळगळ" टाका. आलेलं पहिलं पान उत्तरासाठी नाही, शब्दांसाठी वाचा. तिथे आंबिया बहार, बुरशीजन्य फळगळ, कीडजन्य फळगळ असं दिसेल. आपल्या बागेशी जुळतो तो शब्द उचला, "आंबिया बहार बुरशीजन्य फळगळ उपाय" असं परत टाका. तरी औषध विकणाऱ्यांचीच पानं येत असतील तर इंग्रजीत साईट लिहून कोलन आणि त्याला चिकटून आयसीएआर डॉट गव्ह डॉट इन जोडा, म्हणजे फक्त केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची पानं येतील, आणि इंग्रजीतूनच शोधायचं तर "नागपूर मँडरिन फ्रूट ड्रॉप" टाका. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या अमरावती रोडवरच आहे, तिथले लोक इंग्रजीत याच नावाने लिहितात. दर वेळी शब्द बदलला की माणूस उत्तराच्या जवळ जातो, आणि हे करायला कॉम्प्युटरचा कोर्स लागत नाही, आलेलं नीट वाचायची तयारी लागते.

एवढं होऊनही काही शब्द जोडावेच लागतात. "महाल पोस्ट ऑफिस" मधे नागपूर टाका, बर्डी म्हणत असाल तर सीताबर्डी पण टाकून पाहा.

आणि शेवटचं, वर येईल तेच बरोबर. सगळ्यात वर पुष्कळदा जाहिरात असते, त्यावर "प्रायोजित" लिहिलेलं असतं. बँकेचा कस्टमर केअर नंबर असा शोधून लोक फसले आहेत, नंबर भामट्याचा, तो ॲप डाऊनलोड करायला लावतो आणि खातं रिकामं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर पाहा, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला आहे त्यांनी निदान ही 1930 ची ओळ तरी त्याच ग्रुपवर आजच टाकावी.