डॉक्टर म्हणले, लेबल वाचत जा

बीपी १५०/९५ निघालं आणि डॉक्टर म्हणले, पाकिटातलं खाणं कमी करा, खाल्लंच तर निदान लेबल तरी वाचत जा. पुढं कुठली ओळ वाचायची तेही म्हणले असतील, पण त्या वेळी मी मेव्हण्याचं बीपी किती होतं ते आठवत बसलो होतो, आणि माझं त्याच्यापेक्षा दोननं कमी आहे हे आठवल्यावर इतकं बरं वाटलं की उरलेलं ऐकायचंच राहिलं. सगळा घोळ तिथनं सुरू झाला.

त्याच संध्याकाळी आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका मोठ्या मार्टमध्ये गेलो. एरवी माझी खरेदी म्हणजे हातात यादी, ट्रॉली भरायची, वीस मिनिटात बाहेर. त्या दिवशी पहिल्या बिस्किटाच्या पुड्यालाच बारा मिनिटं गेली. पुढच्या बाजूला गव्हाचं शेत, सोनेरी ऊन, दुधाची धार, सगळं लग्नाच्या बॅनरएवढं ठळक, आणि मागं, पाकिटाची शिवण येते ना बरोबर त्या घडीत, मुंगी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखे घटक पदार्थ. चष्मा वर केला, खाली केला, काढून पुसला, पुडा ट्यूबलाइटखाली धरला, शेवटी मोबाईलवर फोटो काढून मोठा केला. तेवढ्यात सिक्युरिटीवाला मागं येऊन उभा.

"काय झालं सर, तारीख गेलीय का?"

"नाही, वाचलालो."

"काय वाचलालाव एवढं?"

"इमल्सिफायर."

तो जरा वेळ बघत राहिला, मग लांब जाऊन उभा राहिला, पण डोळे माझ्यावरच.

मार्टातनं घरी आणलं काय तर एक कोथिंबिरीची जुडी आणि कागदावर लिहिलेले नंबर. ३२२, ४७१, ३३०, ४१२, २११, १०२, ६२१. आकडे बघूनच घाम फुटला, मटका लावणाऱ्यालाही एवढा फुटत नसेल. बायकोला म्हणलं, हे सगळं केमिकल आहे, आपण विष खात होतो विष, आजपासून ज्या पाकिटावर नंबर असेल ते घरात येणार नाही. बायको म्हणली, "अहो मग आधी गॅसची शेगडी पुसून द्या, तुम्ही आता रोज घरचं खाणार."

मुलगी नववीत आहे. तिनं मोबाईलवर बघून मला वर्गात उभं केल्यासारखं समजावलं. हे आयएनएस नंबर, युरोपात यालाच ई म्हणतात, साधारण १०० पासनं रंग, २०० पासनं माल टिकवायचे, ३०० पासनं ॲसिड आणि तेल खवट होऊ नये म्हणून घालायचे, ४०० पासनं घट्टपणा आणणारे, ६०० पासनं चव वाढवणारे. म्हणजे आपल्या एसटीडी कोडसारखंच की, ०२१७ बघितलं की माणूस सोलापूरचा. इथपर्यंत ठीक होतं. मग ती एकेक नंबर फोडायला लागली आणि माझी चळवळ दोन दिवसात बसली. ३३० म्हणजे लिंबूसत्व. ५०० म्हणजे तिची आई ढोकळ्यात घालते तो सोडा. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ४०६ चायनाग्रास. ४१४ डिंक, बाभळीच्या जातीच्या झाडाचा, आणि डिंकाचे लाडू तर माझ्या आईनं गेल्या महिन्यातच पाठवलेले, मी त्यातले चार 'औषधी' म्हणून एका बैठकीत संपवलेले. १०० नंबरला कोण, तर हळदीतला पिवळेपणा. आणि ४१२, ज्याच्या नावानं मी रात्री झोपलो नव्हतो, ते गवारीच्या बियांचं पीठ. गवार! आयुष्यभर जी भाजी ताटात बाजूला सारली ती आइस्क्रीममधनं माझ्या पोटात जात होती. याबाबतीत माझा राग अजून गेलेला नाही.

आता नंबर म्हणजे विष नाही हे पटलं, पण म्हणून सगळेच नंबर डिंकाचे लाडू नसतात हेही खरं, आणि हा फरक करायचा कुणी हा प्रश्न होता. तेवढ्यात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला म्हणून सासरे आले.

आमच्या मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं डाईंग खातं सांभाळलं. माणूस कुठलीही वस्तू बघितली की आधी रंग बघतो, मग वस्तू. आमच्या लग्नात पाठवणीला सगळे रडत होते तेव्हा हे माझ्या शेल्याचा कोपरा ओला करून रुमालावर घासून बघत होते. त्यांच्यासमोर मी लेबल वाचायला लागलो, १०२ म्हणजे टारट्राझिन, ११० म्हणजे सनसेट यलो, १२२ म्हणजे कार्मोइसिन, तसे ते सोफ्यावर सरळ बसले.

"जावईबापू, हे ॲसिड रंग आहेत की."

"म्हणजे?"

"म्हणजे सुतावर बसत नाहीत, लोकरीवर बसतात. पांढरी लोकर आहे का घरात?"

सोलापुरात लोकर! इथं स्वेटर म्हणजे वर्षातनं आठ दिवस कपाटाबाहेर येणारा पाहुणा. पण माझा एक पांढरा स्वेटर होता, लग्नात आलेला, तो त्यांनी खालनं उसवायला घेतला आणि मी बघत राहिलो, कारण सासऱ्याला नाही कसं म्हणायचं. आधी धागे साबणाच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढला. मग एका पातेल्यात पातळ केलेलं ऑरेंज स्क्वॅश, त्यात चमचाभर व्हिनेगर (नंबर २६०, मी लगेच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं), धागा टाकला, पंधरा मिनिटं उकळी, मग नळाखाली धुतला. स्क्वॅशचं पाणी फिकट पडलं आणि धागा असा केशरी की झेंडूनं लाजावं. जुन्या पद्धतीच्या प्रयोगशाळांत खाण्यातला बनावटी रंग वेगळा काढायला हीच लोकर वापरत आलेत, आम्ही फक्त ते चहाच्या पातेल्यात केलं, आणि त्या पातेल्यावरनं नंतर जे झालं ते इथं लिहीत नाही.

मग मामांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. कस्टर्ड पावडर, पिकल्या लिंबाच्या रंगाचा धागा. जेली, लालभडक. टुटीफ्रुटीनं तर एका भांड्यात तीन रंग दिले. मुलीच्या दप्तरातली एक रुपयाची गोळी, तिला तर मामा 'शेड चांगली आहे' म्हणले. गड्ड्यातनं आणलेल्या म्हातारीच्या केसांचं पाणी उकळायला घेतलं तेव्हा मात्र जरा गंभीर झाले. २०२४ मध्ये तामिळनाडूत आणि मग कर्नाटकात यावरच कारवाई झाली ना, रोडामाईन बी सापडलं म्हणून, ते मी सांगितलं. मामा म्हणले, "रोडामाईन? ते कापडा-कागदाचं आहे हो, खायचं नाहीच." आमचा धागा थोडा गुलाबी झाला, पण तो परवानगीच्या रंगानं का चोरट्या, हे लोकर सांगत नाही, त्याला लॅबच लागते, आणि आमच्या लॅबला तोवर गिऱ्हाईक नको झालं होतं कारण पाण्याची पाळी चार दिवसांनी होती आणि आम्ही धागे धुण्यात अर्धी टाकी संपवलेली. बायको दारात उभी राहून नुसतं बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सगळ्यात पक्का रंग कशाचा बसला विचाराल तर घरच्या हळदीचा. धाग्यावर, पळीवर, ओट्यावर, मामांच्या बनियनवर. मी म्हणलं बघा, ही घरची आणि हीच सगळ्यात डेंजर. मामा म्हणले, थांबा, आणि सगळे धागे गच्चीवर दोरीला लावले. चार दिवसात सोलापूरच्या उन्हानं हळद फिकी पाडली, जेली आणि स्क्वॅश जसेच्या तसे. "बघा, याला म्हणतात पक्का रंग," मामा अभिमानानं म्हणले, जेली जणू त्यांच्याच खात्यात रंगवली होती.

आपल्याकडे खाण्यात असे आठच कृत्रिम रंग चालतात, आणि तेही बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलीग्रॅमच्या आत, म्हणजे दहा किलो जेलीला एक ग्रॅम. हे ऐकून मामांना नवल वाटलं, एक ग्रॅमात दहा किलो माल रंगवायचा म्हणजे यांचा डाईंग मास्टर चांगला असणार म्हणले. मुलीनं मात्र दुसरंच शोधून काढलं. २००७ साली इंग्लंडात साउथहॅम्प्टनला पोरांना ठरावीक रंग आणि सोडियम बेंझोएट, म्हणजे आपला २११, घातलेलं सरबत देऊन बघितलं तर काही पोरांचा चुळबुळेपणा थोडा वाढलेला दिसला, आणि युरोपात २०१० पासनं तसल्या सहा रंगांच्या मालावर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो असं छापावं लागतं. हे तिनं मला का सांगितलं, तर बीजगणितात चाळीसपैकी एकोणीस पडले होते.

"बाबा, तुम्हीच आणता ती जेली."

"जेली महिन्यातनं एकदा. आणि मोबाईल?"

"मोबाईलला नंबर नाहीये."

शेजारच्या काकांचं वेगळंच. त्यांना शुगर, म्हणून ते डाएट कोला पितात, आणि २०२३ च्या जुलैत त्यातल्या ९५१ ला, ॲस्पार्टेमला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या खात्यानं 'कदाचित' गटात, २ब मध्ये टाकलं ही बातमी त्यांना मीच सांगायला गेलो, उत्साहानं. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोज वजनाच्या किलोमागं ४० मिलीग्रॅमपर्यंत चालेल ही जुनी मर्यादा तशीच ठेवली, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला नऊ ते चौदा कॅन, हे सांगेपर्यंत काकांनी बाटली बेसिनमध्ये ओतलेली. आणि मग घसा ओला करायला फ्रिजमधनं काढलं काय, तर कोरफडीचा रस. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण त्याच २ब यादीत आहे हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण काकू समोर होत्या आणि कोरफड त्यांनी लावलेली.

आणि ६२१. माझा सगळ्यात आवडता शत्रू. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा नावाच्या प्रोफेसरनं समुद्री शेवाळाच्या रस्स्यातनं हा चवीचा ऐवज काढला, तोच आपला अजिनोमोटो, टोमॅटोत तोच ग्लुटामेट आपसूक असतो. त्याच्या बदनामीला सुरुवात १९६८ च्या एका पत्रानं झाली. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं वैद्यकीय साप्ताहिकाला लिहिलं की चायनीज हॉटेलात जेवलं की मला मान बधिर होते, धडधडतं, अशक्त वाटतं. नंतर लोकांना न सांगता देऊन बघितलं तर तसा ठाम काही पुरावा सापडला नाही, पण नाव गेलं ते गेलंच. गंमत म्हणजे त्या पत्रात त्यानं चार-पाच संशयित लिहिलेले, सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, अजिनोमोटो, आणि जास्तीचं मीठ. बाकीचे सुटले, एकटा ६२१ आत गेला. हे वाचलं तेव्हा मी फक्त हसलो, पुढं जाऊन हे माझ्यावरच उलटणार आहे हे कळलं नाही.

तर असे दोन महिने आम्ही स्वच्छ जगलो. नूडल्स गेल्या, चिप्स गेले, सॉस, सूपची पाकिटं, क्रीमची बिस्किटं, सगळं कामवाल्या मावशींना द्यायला काढलं तर त्या म्हणल्या, "दादा, तुम्हाला चालत नाही ते माझ्या लेकरांना कसं चालंल?" मी गप्प. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मग खायचं काय? सोलापुरात राहून हा प्रश्न पडणं म्हणजे देवळात बसून देव शोधणं. शेंगाची चटणी! कडक भाकरी! नंबर नाही, कोड नाही, पाकिटाच्या शिवणीत दडलेली मुंगी नाही. सकाळी चटणी-भाकरी, ऑफिसात डब्यात चटणी-भाकरी, चार वाजता नुसती चटणी चमच्यानं, कारण आता चिप्स बंद ना. जेवताना मामींच्या हातचा पापड, दोन, कधी तीन, तोंडी लावायला कैरीचं लोणचं, मधे गड्ड्यातनं आणलेले खारे शेंगदाणे, रात्री ताकात मीठ-जिरं. दर महिन्याला एक किलो चटणी लागायला लागली. वाण्याकडचे अण्णा म्हणले, "पाहुणे आलेत का घरी?" म्हणलं नाही, तब्येतीसाठी खालालो.

दोन महिन्यांनी ताठ मानेनं डॉक्टरांकडे गेलो. पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. परत फुगवला. १५८/१००.

मशीन बिघडलंय म्हणलं. त्यांनी स्वतःला लावून बघितलं, १२०/७८. मग मी खिशातनं वही काढली, दोन महिन्यांचा अभ्यास, नंबरवार, रंगवार, त्यात पुराव्याला स्क्वॅशचा आणि जेलीचा धागा सेलोटेपनं चिकटवलेला. डॉक्टरांनी सगळी वही शांतपणे चाळली, धाग्यांवरनं बोट फिरवलं, आणि विचारलं, "मिठाचं पान कुठंय?"

"मिठाला नंबर नसतो," मी म्हणलं.

"नसतोच," ते म्हणले. "अहो मी तुम्हाला सोडियमची ओळ वाचा म्हणलो होतो. मागं चौकट असते बघा, १०० ग्रॅममागं किती, त्यात. दिवसाला दोन हजार मिलीग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, एक छोटा चमचा. त्या ६२१ मध्ये सोडियम बारा टक्के असतं, मिठात एकोणचाळीस." मग सकाळपासनं काय काय खाता ते सांगा म्हणले. मी सांगायला लागलो. पापडावर आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला, आणि पापडखार म्हणजे पण सोडियमच हे मला माझ्याच वहीतलं ५०० नंबरचं पान उघडून दाखवलं.

गोळी चालू झाली. नूडल्स काही परत आल्या नाहीत, चौकट बघितली तर त्यांचं पण तेच, मसाल्याच्या पुडीतच भरपूर मीठ. मामा गावी गेले, जाताना उरलेला स्वेटर घेऊन गेले, तिकडं त्यांना लाल माठाची भाजी बघायची आहे म्हणे. आणि चटणीच्या बरणीवर बायकोनं वहीचा कागद चिकटवलाय. कोपऱ्यात चौकोन आणि त्यात हिरवा ठिपका काढलाय मुलीनं. खाली घटक पदार्थ: शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ, मीठ, मीठ. त्याखाली, वापर: ह्यांना आठवड्यातनं एक चमचा. अक्षर एवढं मोठं काढलंय की हॉलमधनं, चष्म्याशिवाय वाचता येतं.