निवेदनाने पूल होत नाही, मोजणीने होतो

‘खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना निवेदन दिलं, आता फाटकावरच्या उड्डाणपुलाला निधी मिळेल’ असं एका लेखात वाचलं, पण ते भाबडं आहे. रेल्वे खर्चात वाटा उचलते तो बहुतेकदा टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) पाहून, म्हणजे २४ तासांतल्या रेल्वेगाड्या गुणिले फाटक ओलांडणारी वाहनं. आकडा एक लाखाच्या वर गेला तर सहसा निम्मा खर्च रेल्वेचा, निम्मा राज्याचा. आता दुचाकींनी भरलेल्या पुण्याची गंमत बघा: कारला एक युनिट, रिक्षाला अर्धं आणि दुचाकीला पाव! दिवसाला ४० रेल्वेगाड्या धरल्या तर लाख गाठायला २,५०० युनिट लागतात, म्हणजे नुसत्या दुचाकी असतील तर १० हजार. त्यामुळे मोजणी शाळा-कॉलेजं सुरू असताना, सलग सात दिवस करून घ्या. मे महिन्यात केली की प्रस्ताव तिथेच आपटला.

दुसरं म्हणजे, रेल्वे सहसा बांधते फक्त पुलाचा रुळांवरचा भाग. दोन्ही बाजूंचे उतार, भूसंपादन, जलवाहिन्या नि केबल हलवणं हे सगळं राज्य नि महापालिकेकडे. पुण्यातल्या घोरपडीसारख्या दाट वस्तीत खरी वर्षं तिथेच जातात. पिंक बुकात (रेल्वेच्या अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत) नाव आलं म्हणून पेढे वाटू नका, तरतूद किती आहे ती बघा. बऱ्याचदा टोकन हजार रुपयेच असतात.